खेळ पाहणाऱ्याचा हिशेब



काही आठवड्यांपूर्वी जुमाची नमाज आटोपून मी मस्जिदीच्या पायऱ्या उतरत असता मोहल्ल्यातील अकरावीत शिकणारा एक मुलगा थांबला आणि म्हणाला, “मौलाना, ई-स्पोर्ट्सचा विश्वचषक रियाधमध्ये भरतो, मग तो पाहणे वाईट कसे?” त्याच्या प्रश्नात उद्धटपणा नव्हता. घरात रोज होणाऱ्या एका वादाचा निवाडा त्याला हवा होता. एखादी गोष्ट एखाद्या देशात घडते हा काही शरीअतचा पुरावा नव्हे, एवढे सांगून मला मोकळे होता आले असते. तोही मान डोलावून घरी गेला असता आणि पुन्हा तेच पाहत बसला असता. म्हणून मी त्याच्याकडे विचार करण्यासाठी मुदत मागितली.

ज्या वडीलधाऱ्यांना हा विषय अपरिचित आहे, त्यांनी याला मुलांचा पोरखेळ समजू नये. 2014 साली सेऊलच्या विश्वचषक स्टेडियममध्ये एका संगणकीय खेळाचा अंतिम सामना पाहण्यासाठी सुमारे चाळीस हजार माणसे जमली होती. 2018 च्या जकार्ता आशियाई क्रीडा स्पर्धेत हे खेळ प्रदर्शनीय स्वरूपात झाले, तर 2023 मध्ये हांगझोऊ येथे त्यांना पदकांचा दर्जा मिळाला. आपल्या देशात डिसेंबर 2022 मध्ये ई-स्पोर्ट्स क्रीडा मंत्रालयाच्या कक्षेत आले आणि त्याच वर्षी मोबाईलवरील खेळाची स्पर्धा क्रीडावाहिनीवरून क्रिकेटसारखी दाखवली गेली. रियाधच्या 2024 च्या विश्वचषकात बक्षिसांची रक्कम सहा कोटी डॉलरहून अधिक होती. या सर्वांत खेळणारे मूठभर आहेत आणि पाहणारे लक्षावधी. म्हणूनच आज विचार करावयाचा आहे तो पाहणाऱ्याचा.

पाहणाऱ्यांविषयी मस्जिद-ए-नबवीतील दोन प्रसंग मला मार्गदर्शक वाटतात.

पहिला प्रसंग ईदच्या दिवसाचा आहे. हबशी लोक मस्जिदीत भाले आणि ढाली घेऊन खेळ करीत होते. हजरत आयशा (रजि.) यांना तो पाहावयाचा होता. प्रेषित मुहम्मद (स.) स्वतः आपल्या चादरीचा आडोसा करून उभे राहिले आणि त्या त्यांच्या पाठीमागून खेळ पाहत राहिल्या. त्यांचे मन भरले का, असे प्रेषितांनी (स.) विचारले आणि होकार मिळाल्यावरच तो प्रसंग संपला. पुढे आयशा (रजि.) हा प्रसंग सांगताना ऐकणाऱ्यांना बजावत असत की, कोवळ्या वयाच्या मुलीला खेळाची किती हौस असते याचा अंदाज तुम्हीच करा. हजरत उमर (रजि.) यांनी त्या खेळाडूंना हुसकावण्यासाठी खडे उचलले होते, तेव्हा प्रेषितांनी (स.) त्यांना थांबवले, असेही हदीसमध्ये आले आहे. आपल्यापैकी अनेकांच्या हातात आज तेच खडे आहेत.

दुसरा प्रसंग जुमाचा. प्रेषित (स.) मिंबरवर उभे राहून खुतबा देत होते. तेवढ्यात मदीनेत व्यापारी काफिला आला. भाष्यकार लिहितात की ते टंचाईचे दिवस होते आणि काफिल्याच्या आगमनाची वर्दी ढोल वाजवून दिली जात असे. लोक उठले आणि तिकडे धावले. मस्जिदीत अवघे बारा जण उरले. सूरह अल-जुमुआच्या अखेरच्या आयतीत याबद्दल कानउघाडणी आहे. त्या आयतीत व्यापार आणि करमणूक हे दोन शब्द शेजारी-शेजारी आले आहेत, याकडे मी आपले विशेष लक्ष वेधू इच्छितो.

मस्जिद तीच होती, लोकही बहुधा तेच होते. मग फरक कोठे पडला? ईदच्या खेळाला शेवट होता. पाहणाऱ्याच्या शेजारी त्याची काळजी वाहणारे कोणीतरी उभे होते आणि मन भरल्यावर उठून जाण्यास कोणाची आडकाठी नव्हती. काफिल्याच्या ढोलाने मात्र माणसांना ती जेथे असावयास हवी होती तेथून उठवून नेले, आणि त्या ढोलामागे बाजार होता.

आजच्या ढोलामागेही बाजारच आहे. सऊदी सार्वजनिक गुंतवणूक निधीच्या मालकीच्या एका कंपनीने 2022 मध्ये ईएसएल आणि फेसइट या दोन मोठ्या स्पर्धा-आयोजक कंपन्या सुमारे दीड अब्ज डॉलरना विकत घेतल्या. एवढा पैसा कोणी मुलांच्या हौसेखातर ओतत नाही. मुलगा सामना फुकट पाहतो असे त्याला वाटते, परंतु जाहिरातदाराला विकला जातो तो त्या मुलाचा वेळ. म्हणून एक सामना संपताच दुसरा आपोआप सुरू होतो. मन भरले का, हे तेथे कोणीही विचारत नाही. विचारणे त्यांना परवडणारही नाही.

अंतिम न्यायाच्या दिवशी विचारल्या जाणाऱ्या प्रश्नांची जी हदीस आहे, तिच्यात आयुष्य कोठे घालवले हा एक प्रश्न आहे आणि तारुण्य कोठे खर्च केले हा दुसरा. तारुण्य आयुष्यातच येते, तरी त्याचा हिशेब वेगळा मागितला जाईल. रियाधमध्ये रात्रीचे नऊ वाजतात तेव्हा आपल्याकडे साडेअकरा झालेले असतात. इशानंतर विनाकारण गप्पा मारीत जागणे प्रेषितांना (स.) आवडत नसे. पांघरुणाखाली मोबाईलचा उजेड दीड-दोनपर्यंत जळत राहिला, तर फज्रचे काय होते हे सांगण्यासाठी मुफ्तींची गरज नाही.

जुगाराविषयी दोन शब्द पुरेत. स्वतःचे पैसे डावावर लावून हरणाऱ्याचे जिंकणाऱ्याने घेणे हा मैसिर आहे. त्याला खेळ म्हटल्याने तो हलाल होत नाही. 2025 च्या केंद्रीय कायद्यानेही पैशांच्या ऑनलाइन खेळांना ई-स्पोर्ट्सपासून वेगळे काढून त्यांवर बंदी घातली आहे.

आणखी एक गोष्ट मला त्या मुलाने स्वतःच दाखवली. सामना चालू असताना पडद्याच्या कडेला प्रेक्षकांचे शेरे धावत असतात. आपला संघ हरला की आई-बहिणीचा उद्धार करणारी नावे पाहिली, तर त्यांत आपलीही नावे होती. प्रेषितांची (स.) अज्बा नावाची सांडणी शर्यतीत कोणाला हार जात नसे. एकदा एका बद्दूच्या तरुण उंटाने तिला मागे टाकले. सहाबांना ते फार लागले. तेव्हा प्रेषितांनी (स.) समजावले की, जगात जे जे वर चढते त्याला खाली आणणे हा अल्लाहचा नियमच आहे. आपल्या प्रेषितांची सांडणी हरली तरी मन आवरावयास शिकवले गेलेली ही उम्मत एका अनोळखी संघासाठी जीभ विटाळते!

त्या मुलाला मी हे दोन्ही प्रसंग सांगितले आणि म्हटले, “पाहणे हराम आहे असे मी म्हणत नाही. मात्र पडद्यावर काय चालले आहे, ते पाहताना तुझी नमाज कोठे गेली आणि उठावेसे वाटल्यावर तुला उठता येते का, हे तूच मला येऊन सांग.” तो बराच वेळ गप्प राहिला. मग म्हणाला, “उठता येत नाही.”

त्याच्या वडिलांशी बोलणे अधिक अवघड गेले. त्यांनी दोनदा मोबाईल काढून घेतला होता, एकदा भिंतीवर आपटलाही होता. मी त्यांना एक सामना मुलाशेजारी बसून पाहण्यास सांगितले. “मला त्यातले ओ की ठो कळत नाही,” ते म्हणाले. मी म्हणालो, “तो समजावून सांगेल.”

शनिवारी रात्री ते बसले. सोळा संघांचे चौसष्ट खेळाडू एका आक्रसत जाणाऱ्या वर्तुळात कसे अडकत जातात, हे मुलाने त्यांना सांगितले. तिसऱ्या सामन्यानंतर वडिलांनी विचारले, “झाले का मन भरून?” मुलगा म्हणाला, “अब्बा, अजून एकच.” त्यांनी तोही पाहिला आणि मग मुलाने आपल्या हाताने मोबाईल बंद केला.

फज्रच्या जमाअतमध्ये ते दुसऱ्या रकअतीला येऊन सामील झाले. उशिरा आले, पण दोघे बरोबर आले.