लटक्या खुनाची करमणूक

करमणुकीसाठी मनुष्याने ज्या ज्या गोष्टींचा उपयोग केला, त्यांत खुनाचीही गणना करावी लागेल असे म्हटले, तर पुष्कळांस ते चमत्कारिक वाटेल. परंतु इंग्लंड-अमेरिकेत हा प्रकार आता चांगलाच रूढ झाला आहे. तेथे वेषधारी नटांच्या लहान लहान मंडळ्या असतात. वाढदिवस, क्लबाचे संमेलन, एखाद्या ग्रंथालयाच्या मदतीसाठी योजिलेले भोजन अशा प्रसंगी त्यांस बोलाविण्यात येते. कोणी उमराव, कोणी धनाढ्य विधवा, कोणी बटलर अशी सोंगे घेऊन नट पाहुण्यांत मिसळतात. जेवण रंगात येते तोच दिवे मालवतात, किंकाळी ऐकू येते, आणि पुन्हा उजेड होतो तो एक गृहस्थ जमिनीवर निश्चेष्ट पडलेला दिसतो. मग इन्स्पेक्टर येतो. पाहुणे एकेका पात्राची उलटतपासणी करतात, चिठ्ठीवर संशयिताचे नाव लिहून देतात, आणि शेवटच्या गोड पदार्थाबरोबर खुनीही उघडा पडतो. मेलेला गृहस्थ उठून सर्वांस लवून नमस्कार करतो, आणि मंडळी हसतमुखाने घरी जातात.

यात नीतिदृष्ट्या काही वावगे आहे काय, हा आमच्यापुढील प्रश्न आहे. एक पक्ष म्हणेल की, मनुष्यवध हे घोरातले घोर पातक. त्याची चटणी करून जेवणाबरोबर तोंडी लावणे हे मनाच्या बधिरतेचे लक्षण होय. दुसरा पक्ष म्हणेल की, हे केवळ कोडे आहे; बुद्धिबळात राजा मारला म्हणून कोणी सुतक पाळीत नाही. दोन्ही म्हणण्यांत तथ्याचा अंश आहे. परंतु दोन्ही पक्ष आपली नजर खेळावरच खिळवून बसतात. आमच्या मते धोका असलाच तर तो खेळात नसून खेळाबाहेर आहे.

प्रथम वेषाचा विचार करू. सोंग म्हणजे फसवणूक, अशी एक समजूत आहे. पण ती खरी नाही. आपल्याकडचा बहुरूपी फौजदाराच्या वेषात दारी येऊन दटावू लागतो, तेव्हा घरची पोरे क्षणभर दचकतात. पण लगेच सर्व हसू लागतात आणि त्याच्या हातावर पैसा ठेवतात. त्यास कोणी तोतया म्हणत नाही. तोतया आपला वेष खरा आहे असे भासवितो. बहुरूप्याचा वेष तर ‘हे सोंग आहे’ असे स्वतःच सांगतो. भोजनसमारंभातील उमरावाचा झगा व इन्स्पेक्टराची टोपीही हेच सांगतात. वेष ही खेळाच्या भोवती आखलेली रेघ आहे. ती स्पष्ट आहे तोवर आतले खोटे कोणास बाधत नाही.

त्या रेघेच्या आत मात्र एक विलक्षण नियम चालतो. जो मरतो त्याच्यासाठी कोणी रडावयाचे नाही. म्हणून तो बहुधा कृपण, दुष्ट किंवा सर्वांस नकोसा असाच रंगविलेला असतो. एखादा पाहुणा खरोखरच गहिवरला तर खेळ तेथेच मोडेल. करुणेस दाराबाहेर ठेवल्यावाचून कोड्यास आत येता येत नाही. डब्ल्यू. एच. ऑडेन या कवीने १९४८ साली लिहिलेल्या एका निबंधात गुप्तहेरकथांच्या मोहिनीची मीमांसा केली आहे. तिचे सार असे की, सर्वांवर असलेला संशय शेवटी एकावरच स्थिरावतो आणि बाकीचे निष्पाप ठरतात. हे निष्पापपण परत मिळाल्याचे सुख वाचकास हवे असते. भोजनगृहातले पाहुणे हेच सुख घेऊन घरी जातात. ते फारच स्वस्त असते, एवढेच.

याच्या उलट ‘मृच्छकटिक’ पाहावे. त्यातही खुनाचा आरोप आहे, न्यायसभा आहे आणि अलंकारांचा फसवा पुरावाही आहे. परंतु शकाराने वसंतसेनेचा गळा दाबला आणि तरीही ती वाचली, हे शूद्रकाने प्रेक्षकांपासून लपविलेले नाही. ‘कोणी केले’ हा प्रश्नच त्याने उरू दिला नाही. त्यामुळे आपले सारे लक्ष चारुदत्ताच्या यातनांकडे लागते. कोडे काढून घेतल्याबरोबर करुणा परत आली. पाश्चात्य भोजननाट्यात करुणा काढून घेऊन कोडे ठेवले आहे. दोहोंचे प्रयोजन भिन्न आहे, हे ध्यानात ठेवले म्हणजे एकास दुसऱ्याच्या मापाने मोजण्याचा मोह होत नाही.

परंतु कोड्याच्या मुळाशी कधी कधी खरे प्रेत असते. राणी मेरी यांच्या ८० व्या वाढदिवसानिमित्त १९४७ साली बीबीसीने अगाथा ख्रिस्ती यांची एक छोटी रहस्यनाटिका ध्वनिक्षेपित केली. तिचेच पुढे ‘द माउसट्रॅप’ झाले. हे नाटक लंडनमध्ये १९५२ पासून चालू आहे. २०२० साली महामारीमुळे पडलेला खंड काय तो अपवाद. त्याची प्रेरणा १९४५ च्या एका घटनेत आहे. डेनिस ओ'नील या १२ वर्षांच्या अनाथवत मुलास सरकारी देखरेखीखाली श्रॉपशरमधील एका शेतकऱ्याच्या घरी ठेविले होते. तेथे छळ व उपासमार होऊन तो मेला. अपराधी कोण हे समजावयास गुप्तहेराची गरज नव्हती. खरे प्रश्न पुढचे होते: मुलाची चौकशी का झाली नाही, आणि अशा मुलांचे पालकत्व कोणाकडे? चौकशी झाली, आणि १९४८ च्या बालकविषयक कायद्याच्या मागे या मृत्यूने उसळलेला क्षोभही होता. खेळ ‘कोणी’ या प्रश्नाशी संपतो. समाजाचे कर्तव्य तेथून सुरू होते.

आता रेघ पुसली गेली म्हणजे काय होते ते पाहा. १९३५ साली न्यूयॉर्कमध्ये आयन रँड यांचे ‘नाइट ऑफ जानेवारी सिक्स्टीन्थ’ हे नाटक आले. त्यात खुनाच्या खटल्यासाठी प्रेक्षकांतूनच १२ ज्यूरर निवडीत, आणि त्यांच्या निकालाप्रमाणे शेवट बदले. त्या रात्री कोणी चुकला तरी कोणाचा केसही वाकडा होत नसे. पुढे १९५९ साली मुंबईत नौदलाचे कमांडर नानावटी यांजवर प्रेम आहुजा यांच्या खुनाचा खटला चालला. ज्यूरीने ८ विरुद्ध १ मताने त्यांस निर्दोष ठरविले. उच्च न्यायालयाने तो निर्णय फिरविला, व १९६१ साली सर्वोच्च न्यायालयाने शिक्षा कायम केली. या खटल्याच्या दिवसांत रस्त्यावर नानावटी यांच्या नावाची खेळण्यातली पिस्तुले आणि आहुजांच्या नावाचे टॉवेल विकले जात होते. मृताची बहीण त्याच न्यायालयात साक्षीस उभी होती. येथे कोणी वेष घातला नव्हता, दिवे कोणी मालविले नव्हते, आणि पडलेला मनुष्य उठून नमस्कार करणार नव्हता. तरीही एक शहर प्रेक्षागृहात बसल्याप्रमाणे वागले.

म्हणून त्या वेषधारी मंडळ्यांवर आम्ही रोष करीत नाही. त्या आपले खोटे प्रामाणिकपणे विकतात. प्रश्न आपला आहे. सकाळी वर्तमानपत्रात, किंवा आता रात्री पडद्यावर, खऱ्या खुनाची हकीकत आपण ज्या उत्कंठेने चाळतो, तीत चहाच्या घोटाबरोबर संशयिताचे नाव ठरविण्याची घाई असते. मृताचे नाव मात्र दुसऱ्या दिवशी आठवत नाही. भोजनगृहातील पाहुण्यास मृताचा विसर पडला तर तो खेळाचा नियमच होय. वर्तमानपत्र वाचणाऱ्यास पडला तर त्यास तसा कोणताच आधार सापडणार नाही. खऱ्या हकीकतीपाशी तरी आपण खुनी कोण हे विचारण्यापूर्वी मेला तो कोण आणि त्याच्यामागे कोण राहिले, हे विचारण्याची सवय लावून घ्यावी. एवढी सवय ज्यास आहे, त्याने लटक्या खुनाची मौज खुशाल लुटावी.