मनगट धरणाऱ्याचं मन

टोकियोतल्या एका आयकिदो दोजोत सराव संपला होता. तातामीवर गुरुशिष्य गुडघे मोडून समोरासमोर बसले होते. शिष्याने सेन्सेईंची दोन्ही मनगटं पकडून त्यांच्याच मांड्यांवर दाबली. या सरावाला कोक्यू-हो म्हणतात. पाय दुमडलेले, त्यामुळे त्यांचा जोर लावायची सोयच नाही.

सेन्सेईंची बोटं उमलली, कोपरं खाली गेली, हात वर आले. शिष्याचे खांदे उचलले जाऊन तो मागे कलंडला.

"म्हणजे पंजा उघडला की झालं?"

"तेच तर तू तासभर करत होतास. पंजा फुलवायचा आणि उचलायचं दंडाने. दंड ताठला की धरणाऱ्याला जोराचा पत्ता लागतो. तो तिथेच दाबतो."

"मग पंजा दाखवता कशाला? बेंबीखालच्या हाराबद्दलच सांगा ना."

"सांगून पाहिलं. सगळे पोट आवळून, श्वास कोंडून बसले. हात निदान दिसतो तरी. पण दिसतो म्हणूनच त्याची नक्कल होते."

"न दाखवलेलंच बरं?"

"दाइतो-र्यू या जुजुत्सू परंपरेचे ताकेदा सोकाकू तसेच होते म्हणतात. एकदा दाखवलं, पाहिलंत तर पाहिलंत. 1915 मध्ये होक्काइदोत आयकिदोचे संस्थापक उएशिबा त्यांना भेटले, ते असंच शिकले असणार. पुढे उएशिबांचे शिष्य तोहेई कोइची यांनी उलट केलं. हातातून पाणी वाहतंय असं समजा, म्हणजे तो वाकणार नाही, असं सगळ्यांना उघड सांगितलं. 'की', म्हणजे आतली शक्ती, कशी शिकवावी यावरून खटके उडाले आणि 1974 मध्ये त्यांनी आइकिकाई ही उएशिबांची संघटना सोडली."

"बरोबर कोण?"

"ते धरणाऱ्याला विचारावं. आतला जोर बघणाऱ्याला दिसत नाही, धरणाऱ्यालाच कळतो."

शिष्य खाली बघत राहिला. गुरूपुढे न पडणं कुठल्याही आखाड्यात अवघड, इथे तर फारच.

"सेन्सेई, मघाशी मी पकड थोडी सैल सोडली."

"कधी?"

"तुमचे हात मांडीवरून सुटताना."

"रोज सोडतोस?"

उत्तर आलं नाही. सेन्सेईंनी हात पुन्हा मांड्यांवर ठेवले. "धर."

या वेळी हात दोन बोटं वर आले आणि अडले. सेन्सेईंचा डावा खांदा किंचित चढला. तो त्यांच्याही लक्षात आला.

"उद्या वर्गासमोर असंच धरशील?"

शिष्याने मनगटं सोडली नव्हती.