शिकणाऱ्या हाताचं देणं

अलिबागच्या मासळी बाजारात मागे एकदा एका बाईनं मला हाक मारली. कोलंबीचे वाटे लावता लावता तिनं विचारलं, "बाई, ती गोरी डाक्तरीन बरी हाय ना?" मला आधी ओळख पटेना. मग तिच्या मागे खेळणारा तीन-चार वर्षांचा मुलगा दिसला आणि सगळं आठवलं. त्याच्या जन्माच्या वेळी मी लेबर रूममध्ये होते. "बरी आहे," मी म्हणाले. तिनं माझ्या पिशवीत एक वाटा जास्तीचा टाकला आणि त्याचे पैसे काही केल्या घेतले नाहीत.

ती गोरी मुलगी डॉक्टर नव्हती. नर्सिंगच्या दुसऱ्या वर्षाला होती. वय असेल वीस.

मी तेव्हा रायगडच्या किनाऱ्यावरच्या एका नर्सिंग संस्थेत ट्यूटर होते. परदेशी विद्यापीठातल्या सात-आठ मुली तीन आठवड्यांसाठी आमच्याकडे आल्या होत्या. आपल्या विद्यार्थ्यांना काही आठवडे दुसऱ्या देशातल्या दवाखान्यात अनुभवासाठी पाठवायचं, ही पद्धत पाश्चात्त्य देशांत आता चांगली रुळली आहे. ऑस्ट्रेलियात तर २०१४ साली सुरू झालेल्या 'न्यू कोलंबो प्लॅन'मधून सरकारच अशा प्रवासाला पैसे देतं, आणि त्यातल्या देशांत भारतही आहे. आमच्याकडे आलेल्या मुली चांगल्या होत्या. उपकेंद्रावर आशाताईंबरोबर घरोघर फिरल्या, लसीकरणाच्या दिवशी रडणारी पोरं कडेवर घेतली.

त्या सकाळी लेबर रूममध्ये ही पहिलटकरीण होती. कळा देत होती. त्या मुलीनं मला हळूच विचारलं, "मी आतून तपासून बघू का?" तिच्या देशात बाळंतपणाचं काम वेगळं शिक्षण घेतलेल्या मिडवाइफ करतात. साध्या नर्सिंगच्या विद्यार्थिनीला ही संधी मिळतच नाही. मी मान हलवली. अर्ध्या तासापूर्वीच सिस्टरनं तपासलं होतं, पुन्हा तपासायची काही गरज नव्हती. बाईला कुणी विचारलं नाही. दाराशी तिची सासू होती. "ही कोण?" या तिच्या प्रश्नावर कुणीतरी "फॉरेनची डॉक्टर" असं उत्तर दिलं. ते मी ऐकलं आणि गप्प बसले.

काही बिघडलं नाही. मुलगा सुखरूप झाला. बिघडलं असतं तर चूक कुणाची, हे ठरवता आलं असतं. काहीच न बिघडता जे चुकलं, त्याला काय म्हणायचं?

एक सोपं उत्तर असं, की बाई खूश आहे, अजून आठवण काढते, मग अडचण कुठे आहे? पण ती आठवण काढते ती डॉक्टरणीची. ती डॉक्टरीण तिथे नव्हतीच. कृतज्ञता म्हणजे संमती नव्हे, आणि ती तर नंतर आली. आधी विचारलं असतं तर ती नाही म्हणाली असती का? बहुधा नसती. सरकारी दवाखान्यात आलेला गरीब माणूस सहसा 'नको' म्हणत नाही. एकदा 'नको' म्हटलं तर पुढच्या वेळी आपल्याकडे कोण बघेल, ही भीती त्याला असते. ज्याला नाही म्हणता येत नाही, त्याच्या 'हो'ला कितीसा अर्थ असतो?

यावर माझ्या एका सहकारी बाई म्हणाल्या, "अहो, पण शिकणार कुणावर? आपण सगळ्या अशाच शिकलो." ते खरं आहे. मी माझं पहिलं इंजेक्शन मुंबईतल्या एका रुग्णालयात दिलं. १९८२च्या संपानंतर घरी बसलेला गिरणी कामगार होता. त्यानं विचारलं, "पहिलंच का, सिस्टर?" मी म्हणाले, "नाही हो." त्याचा दंड दोन दिवस सुजला होता.

आपल्या या अलिबागेत आनंदीबाई जोशी काही काळ राहिल्या. गोपाळराव टपाल खात्यात होते, कल्याणहून त्यांची इथे बदली झाली होती. चौदाव्या वर्षी झालेलं मूल दहा दिवसांत गेलं, आणि त्या दुःखातूनच आनंदीबाई पुढे वैद्यकीकडे वळल्या. १८८३ साली त्या फिलाडेल्फियाला गेल्या आणि १८८६ साली डॉक्टर झाल्या. त्या काळी पैसेवाले डॉक्टरला घरी बोलावत, रुग्णालयाच्या खाटेवर असत ते बहुतेक गरीब. म्हणजे परदेशातून आलेली, साडीतली एक मुलगी तिथल्या गरीब बायकांच्या अंगावर शिकली. मग आज तिथली मुलगी इथे आली तर मी कुठल्या तोंडानं तक्रार करू?

तरीही फरक आहे, असं मला वाटतं. आनंदीबाई पूर्ण अभ्यासक्रमाला गेल्या होत्या, त्या कॉलेजचे नियम त्यांना लागू होते. शिकण्यासाठी जे करणं तिथल्या मुलींना मान्य होतं, तेच त्यांनी केलं. आमच्याकडची मुलगी मात्र, तिच्या घरी जे करायची परवानगी नाही, ते करायला मोकळी होती.

उलट बाजूनं पाहा. माझी विद्यार्थिनी जर्मनीला जाते तेव्हा परिचारिका म्हणून पूर्ण मान्यता मिळायला तिला साधारण बी-टू पातळीची जर्मन भाषा यावी लागते. इंग्लंडला गेली तर इंग्रजी सिद्ध करा, संगणकावरची परीक्षा द्या, मग प्रात्यक्षिक परीक्षा द्या. नोंदणी झालेली नर्स म्हणून रुग्णाला हात लावायचा तो या सगळ्यानंतर. हे नियम मला जाचक वाटत नाहीत. तिथल्या रुग्णाच्या अंगाची कुणीतरी किंमत केली आहे, एवढाच त्यांचा अर्थ. आमच्या लेबर रूममधल्या बाईच्या अंगाची किंमत करणं माझं काम होतं. मी पाहुणचार केला, आणि तो दुसरीच्या अंगावर केला.

पुढची तुकडी आली तेव्हा मी पहिल्याच दिवशी त्यांना तीन वाक्यं मराठीत पाठ करायला लावली. 'मी विद्यार्थिनी आहे. मी हात लावू का? नको म्हटलंत तरी चालेल.' उच्चारांवर वॉर्डात हसू पिकलं. घरी जे करता येत नाही ते इथेही करायचं नाही, हा दुसरा नियम. तिसऱ्या दिवशी बीपी बघायला आलेल्या एका मुलीला नागावकडच्या एका आजींनी ती वाक्यं पुरती ऐकून सांगितलं, "मग नको." मुलगी मान लववून बाजूला झाली. आजी जरा वेळ तिच्याकडे बघतच राहिल्या.

शेजारी माझ्या स्वतःच्या विद्यार्थिनी उभ्या होत्या. त्यांना मराठी शिकवावी लागत नव्हती, पण ती तीन वाक्यं मी त्यांना कधीच शिकवली नव्हती. इतक्या वर्षांत एकदाही नाही. परदेशी मुलीच्या बाबतीत जे मला खटकलं, ते आपल्या मुलींच्या बाबतीत मला दिसतच नव्हतं. दुसऱ्या दिवसापासून त्यांनाही ती सक्तीची केली.

शिकणाऱ्यानं रुग्णाचं देणं कसं फेडायचं? इथे राहून, म्हणावं तर माझ्याच किती मुली आखातात गेल्या, आणि त्यांना मी अडवणार नाही. निदान ते देणं आहे, हे रुग्णासमोर कबूल करता येतं. 'मी शिकते आहे' म्हणणं हीच ती कबुली.

कोलंबीवालीला मात्र मी अजून खरं सांगितलेलं नाही. बाजारात गेले की ती दिसते, मुलगा आता शाळेत जातो. दर वेळी वाटतं, सांगावं. मग वाटतं, ते सांगून मी तिच्यावर उपकार करणार आहे, की माझंच ओझं तिच्या पाटीत टाकणार आहे? पण वाटा जास्तीचा असला की मी आता पैसे दिल्याशिवाय हलत नाही.