शुक्रावर उतरणे आणि शुक्रावर टिकणे

ग्रहशोधाची आपल्याकडची चर्चा रॉकेटपाशी सुरू होते आणि यान उतरले की टाळ्यांच्या गजरात संपते. खरा प्रश्न त्यानंतरचा आहे. उतरलेले यंत्र तिथे किती काळ जगणार? माझ्या मते याचे उत्तर रॉकेट बांधणाऱ्यांपेक्षा धातू, स्फटिक आणि सिरॅमिक यांवर वर्षानुवर्षे काम करणाऱ्यांच्या हाती अधिक आहे, आणि शुक्राइतका याचा स्पष्ट पुरावा दुसरा नाही.

शुक्राच्या पृष्ठभागावर तापमान सुमारे ४६० अंश सेल्सिअस असते. शिसे तिथे वितळते. हवेचा दाब पृथ्वीच्या जवळपास नव्वदपट. सोव्हिएत संघाचे व्हेनेरा-१३ तिथे १ मार्च १९८२ रोजी उतरले. ते ३२ मिनिटे चालले तरी पुरे, असा अंदाज होता. ते १२७ मिनिटे चालले. तो पराक्रमच होता, पण त्यामागची युक्ती मरण लांबवण्याची होती. यान वातावरणात शिरण्याआधीच थंड करून ठेवलेले, उपकरणे उष्णतारोधक थरांच्या मजबूत कवचात बंद. आतली सिलिकॉनची इलेक्ट्रॉनिक्स तापेपर्यंत जेवढा वेळ मिळेल तेवढा आपला. १९८५च्या व्हेगा-२ नंतर शुक्रावर एकही यान उतरून काम करू शकलेले नाही.

सिलिकॉन तिथे हरते ते वितळून नव्हे. त्याचा वितळणबिंदू १४०० अंशांच्या वर आहे. अर्धवाहकाचे सगळे काम मोजक्या मोकळ्या इलेक्ट्रॉनांवर चालते. उष्णता वाढली की बांधलेले इलेक्ट्रॉनही सुटू लागतात आणि ते इतके होतात की ट्रान्झिस्टरला चालू-बंद हा भेदच राखता येत नाही. सिलिकॉन कार्बाइडमध्ये इलेक्ट्रॉन सोडवायला जवळजवळ तिप्पट ऊर्जा लागते, म्हणून शुक्रावरही तो शुद्धीवर राहतो. पण एवढ्याने भागत नाही. नेहमीचे डाखकाम वितळते, प्लास्टिकचे वेष्टन जळते, धातूच्या बारीक जोडण्या गंजतात. क्लीव्हलंडच्या नासा ग्लेन केंद्रातल्या संशोधकांना चिपइतकाच घाम या जोडण्यांसाठी गाळावा लागला. २०१६ मध्ये त्यांच्या चिप शुक्रासारख्या दाब-तापमानात आणि तशाच वायूंमध्ये, कोणत्याही संरक्षक कवचाशिवाय, ५२१ तास चालल्या. पुढे ही मजल साठ दिवसांपर्यंत गेली. ही मंडले फारच साधी आहेत. मोबाइलमधल्या चिपशी त्यांची तुलना होत नाही. तरीही दोन तासांवरून साठ दिवसांवर जाणे ही मला गेल्या काही दशकांतली मोठी झेप वाटते, आणि वर्तमानपत्रांनी तिची फारशी दखल घेतली नाही याचे वाईट वाटते.

साठ दिवस कशाला हवेत? शुक्राभोवती फिरलेल्या मॅगेलन यानाच्या १९९१ मधल्या रडार-चित्रांत तिथल्या एका ज्वालामुखीमुखाचा आकार काही महिन्यांत बदललेला आढळला, आणि हे लक्षात यायला २०२३ उजाडले. शुक्र आतून जिवंत असेल तर त्याचे भूकंप ऐकायला यंत्राने तिथे आठवडेच्या आठवडे बसून राहायला हवे. दोन तासांत छायाचित्रे मिळतात, मातीची तपासणीही होते; भूकंप मात्र आपल्या सोयीने होत नाहीत.

भारताच्या शुक्र मोहिमेला सप्टेंबर २०२४ मध्ये मंजुरी मिळाली. खर्च १,२३६ कोटी रुपये, उड्डाण मार्च २०२८ मध्ये अपेक्षित. यान शुक्राभोवती फिरेल, उतरणार नाही. पहिले पाऊल म्हणून हे योग्यच आहे. पण टिकण्याचा प्रश्न आपल्या ओळखीचा आहे. चंद्रयान-३चे विक्रम हे लँडर आणि प्रज्ञान हे रोव्हर एका चांद्रदिवसापुरतेच घडवलेले होते. ते काम त्यांनी चोख केले, मात्र चंद्रावरच्या गोठवणाऱ्या रात्रीनंतर ते जागे झाले नाहीत. चंद्रावर थंडी, शुक्रावर उष्णता, अडसर पदार्थांचाच.

सिलिकॉन कार्बाइड ही केवळ अंतराळाची चैन नाही. विजेवर चालणाऱ्या मोटारींत तो आज वापरात आहे, म्हणजे त्यावरचा खर्च जमिनीवरही फळ देतो. पण ग्लेनमधल्या यशामागे काही दशकांचे काम आहे. शुक्रावर उतरायचे की नाही हा निर्णय आपण दहा वर्षांनी घेतला तरी चालेल. त्यासाठी लागणाऱ्या पदार्थांवरच्या संशोधनाला, मोहीम जाहीर होण्याची वाट न पाहता, आपल्या विद्यापीठांत आणि प्रयोगशाळांत आजपासून सलग पैसा आणि माणसे मिळायला हवीत.