पाच कारणांपैकी एक

अचेतन वस्तू कुणाच्या हुकमाशिवाय, एखाद्या हेतूला धरून काम करू शकते का, हा भारतीय दर्शनांतला जुना वाद आहे. ईश्वरकृष्णाच्या सांख्यकारिकेचे उत्तर होकाराचे आहे: वासराच्या वाढीसाठी दूध वाहते, दुधाला त्यातले काही कळत नसते, तशीच अचेतन प्रकृती चेतन पुरुषासाठी प्रवृत्त होते. शंकराचार्यांनी ब्रह्मसूत्रभाष्याच्या दुसऱ्या अध्यायात हा दाखला खोडून काढला. गाय चेतन आहे, वासराच्या मायेने तिला पान्हा फुटतो. चेतनाच्या आधाराशिवाय अचेतनाची अशी प्रवृत्ती कुठे दिसते, असा त्यांचा सवाल होता. दुधापुरते त्यांचे म्हणणे मला पटते, कारण वासरू लुचू लागले की गाईच्या मेंदूकडून संकेत आल्यावरच पान्हा सुटतो. पण सांख्यांचे चुकले ते उदाहरणात, सिद्धान्तात नाही. त्यांना हवे होते ते उदाहरण त्याच गाईच्या, आणि आपल्याही, यकृतात होते. ते नीट उलगडायला मात्र १९९९ साल उजाडले.

यकृत कोलेस्टेरॉलपासून पित्ताम्ले तयार करते. ती पित्तातून लहान आतड्यात उतरतात, अन्नातल्या तेलातुपाचे बारीक थेंब करून ते पचनाच्या आवाक्यात आणतात, आणि काम झाले की त्यांतली सुमारे ९५ टक्के आतड्याच्या शेवटच्या भागातून शोषली जाऊन रक्तावाटे यकृतात परततात. शरीरातला सगळा साठा काही ग्रॅमचाच, तोच दिवसातून अनेक फेऱ्या मारतो. जेवढे शौचावाटे जाते तेवढेच यकृत नव्याने घडवते. कमी पडले तर स्निग्ध पदार्थ पचत नाहीत आणि फाजील झाले तर पेशींना इजा होते, म्हणून हा हिशेब चुकून चालत नाही. तो ठेवतो कोण? यकृताच्या पेशींत एफएक्सआर नावाचे एक प्रथिन आहे. १९९५मध्ये त्याची ओळख पटली, पण शरीरातला कोणता पदार्थ त्याला जागे करतो हे कळेना, म्हणून ते ‘अनाथ’ रिसेप्टरांच्या, म्हणजे संकेत टिपणाऱ्या प्रथिनांच्या, यादीत गेले. १९९९मध्ये तीन संशोधक गटांनी स्वतंत्रपणे दाखवले की तो पदार्थ म्हणजे पित्ताम्लच. पित्ताम्ल वाढले की तेच जाऊन एफएक्सआरला चिकटते. एफएक्सआर डीएनएवर बसून एसएचपी हे जनुक चालू करतो. आणि एसएचपीचे प्रथिन पित्ताम्ल घडवण्याच्या मुख्य विकराच्या (एन्झाइमच्या) जनुकाला आवर घालते. आतड्यातला एफएक्सआरही एफजीएफ१९ हे संप्रेरक यकृताकडे धाडून तेच साधतो. चरबीची घडणही याच साखळीत गुंतलेली आहे. उंदरांत एसएचपीच्याच मार्गाने यकृतातली नवी चरबी तयार होणे मंदावते, आणि ज्या उंदरांत एफएक्सआरच नाही त्यांच्या रक्तात ट्रायग्लिसराइड आणि कोलेस्टेरॉल दोन्ही चढतात. माणसांतला पुरावा तर त्याही आधीचा. १९७०च्या दशकात पित्तखडे विरघळवण्यासाठी रुग्णांना एक पित्ताम्ल दिले जाई, आणि त्यांचे ट्रायग्लिसराइड उतरत असे. कारण कळायला पंचवीसेक वर्षे गेली.

माझा युक्तिवाद एवढ्यावरच उभा आहे. जो पदार्थ काम करतो तोच आपल्या प्रमाणाची वार्ता घेऊन येतो, आणि ती वार्ता पोचणे म्हणजेच उत्पादन थांबणे. मधे ऐकणारा, तोलणारा, ठरवणारा कुणी नाही. वेदान्ती म्हणतील, पेशी जिवंत आहे, देहात जीव आहे, तेव्हा चेतनाचा आधार आलाच. पण पित्ताम्लाचे एफएक्सआरला चिकटणे परीक्षानळीत, शुद्ध केलेल्या प्रथिनावरही घडते. तिथे जीव नाही आणि मायाही नाही. याहून वजनदार आक्षेप नैयायिकांचा, म्हणजे न्यायदर्शन मानणाऱ्यांचा, आहे. उदयनाचार्यांच्या न्यायकुसुमांजलीत जगरूपी कार्यावरून ईश्वराचे अनुमान केले आहे. त्याच रीतीने कुणी विचारेल, ही साखळी चालते आपोआप, पण जुळवली कुणी? उत्तर प्राण्यांच्या इतिहासात आहे. पुष्कळ माशांच्या पित्तात आपल्यासारखी आम्ले नसून अल्कोहोल जातीची संयुगे असतात, आणि त्यांचा एफएक्सआर त्यांनाच अनुरूप असतो. पित्त बदलत गेले तसा रिसेप्टरही बदलत गेला. एका बैठकीत आखलेल्या गोष्टीवर असे टप्पे उमटत नाहीत. यातून ईश्वर नाही असे सिद्ध होत नाही, आणि तसे म्हणणारे पुराव्याच्या पुढे धावतात. ईश्वराच्या बाजूने यकृताची साक्ष काढता येत नाही, एवढेच सिद्ध होते.

खरा अवघड आक्षेप नीतीचा आहे. जनुके आणि रिसेप्टरच सारे चालवतात, तर फॅटी लिव्हर झालेल्या माणसाला जबाबदारी कसली? गीतेच्या अठराव्या अध्यायात कर्माची पाच कारणे सांगितली आहेत: अधिष्ठान म्हणजे देह, कर्ता, करणे म्हणजे साधने, नाना चेष्टा, आणि दैव. कर्ता त्या पाचांत आहे, पण पाचांतला एक आहे. केवळ स्वतःला कर्ता मानणाऱ्याला दिसत नाही, असे गीता लगेच बजावते. ही मांडणी मला आजच्या यकृतशास्त्राला विलक्षण जवळची वाटते. पीएनपीएलए३ या जनुकाचा एक प्रकार वारशाने आला तर यकृतात चरबी साठण्याचा धोका वाढतो, आणि सडपातळ माणसांनाही हा आजार होतो. अशा रुग्णाला ‘खा खा खाल्लेस, भोग आता’ असे सुनावणे केवळ कठोर नाही, ते असत्य आहे. मात्र त्यावरून कर्त्याचा वाटा शून्य ठरत नाही. ताटात काय वाढून घ्यायचे हे एफएक्सआर ठरवत नाही.

कर्त्याला वगळून रिसेप्टरलाच औषधाने हाताळू, हाही प्रयत्न झाला. एफएक्सआरला जोराने चेतवणाऱ्या ओबेटिकोलिक आम्लाने यकृतातले व्रण काही रुग्णांत कमी झाले, पण खाज सुटली आणि वाईट कोलेस्टेरॉल वाढले. फॅटी लिव्हरसाठी अमेरिकेच्या औषध नियामकाने ते २०२० आणि २०२३ असे दोनदा नाकारले. दुसऱ्या मार्गाने काम करणारे रेस्मेटिरोम २०२४मध्ये मंजूर झाले, तेही आहार आणि व्यायामाच्या जोडीने घेण्याच्या अटीवर. म्हणजे कर्त्याचा वाटा उरतोच: वजन जास्त असलेल्यांनी ते सात ते दहा टक्क्यांनी उतरवले तर बहुतेकांच्या यकृतातली चरबी आणि सूज कमी होते.