मनाचा कौल आणि त्याची पारख

आपल्या आयुष्याचे नेमके काय करावे, हा प्रश्न प्रत्येक माणसाला केव्हा ना केव्हा पडतोच. कुणाला तो शाळा संपता संपता पडतो, कुणाला चाळिशी उलटल्यावर, तर कुणाला नोकरीतून निवृत्त झाल्यानंतरच्या पहिल्या रिकाम्या सकाळी. ह्या प्रश्नाला सर्रास दोन उत्तरे दिली जातात. वडीलधारी मंडळी म्हणतात, ‘पोटापाण्याचे पाहा.’ तरुण म्हणतात, ‘मन सांगेल तेच करू.’ पहिल्या उत्तरात मनाला थारा नाही. दुसऱ्यात मनाला जाब विचारणारे कोणी नाही. ह्या ओढाताणीत कितीतरी घरे अबोल झालेली आम्ही पाहतो. बारावीचा निकाल घेऊन बापलेक आमच्याकडे येतात. मुलगा मान खाली घालून बसतो आणि बाप म्हणतो, ‘फादर, आता तुम्हीच ह्याला सांगा.’

अशा वेळी आम्हांला संत इग्नेशियस लोयोला ह्यांची आठवण होते. मनात उठणाऱ्या प्रेरणांचा त्यांच्याइतक्या चिकाटीने अभ्यास केलेला माणूस ख्रिस्तसभेच्या इतिहासात विरळाच. आणि हा अभ्यास त्यांनी ग्रंथालयात नव्हे, आजारपणाच्या खाटेवर आरंभिला.

२० मे १५२१ रोजी स्पेनमधील पाम्प्लोना येथील लढाईत तोफेच्या गोळ्याने त्यांचा पाय मोडला. लोयोलाच्या वाड्यात महिनोन् महिने पडून राहावे लागले. त्यांनी करमणुकीसाठी वीरकथांची पुस्तके मागविली. घरात ती नव्हती. हाती आले ते ख्रिस्तचरित्र आणि संतांची चरित्रे. कधी ते एका उच्चकुलीन स्त्रीची मर्जी संपादण्याचे मनोरथ तासन् तास रचीत, तर कधी संत फ्रान्सिस आणि संत डॉमिनिक ह्यांच्यासारखे आपणही करावे असे मनात आणीत. दोन्ही विचार चालू असताना सारखाच आनंद देत. फरक पडे तो नंतर. पहिले मनोरथ ओसरले की मन कोरडे व असमाधानी होई. दुसरे ओसरले तरी प्रसन्नता मागे रेंगाळत राही. हा फरक एके दिवशी त्यांच्या ध्यानी आला आणि त्यांच्या आयुष्याला निराळे वळण लागले.

ह्यातला बोध बारकाईने पाहण्याजोगा आहे. प्रेरणेची पारख तिच्या जोरावरून होत नाही. ती मागे काय ठेवून जाते त्यावरून होते. त्यासाठी वेळ जाऊ द्यावा लागतो. निकालाच्या दिवशी, भांडणाच्या रात्री किंवा मित्राच्या परदेशगमनाची वार्ता ऐकून उसळलेली इच्छा कितीही प्रबळ वाटली, तरी तिला अंतःप्रेरणा म्हणण्याची घाई करू नये.

ही घाई खुद्द इग्नेशियस ह्यांच्याही हातून होत होती. १५२२ साली माँटसेराटच्या वाटेवर त्यांची एका मूर वाटसरूशी गाठ पडली. त्याने पवित्र मरियेच्या कौमार्याविषयी शंका घेतली व तो पुढे निघून गेला. मागे राहिलेल्या इग्नेशियस ह्यांचे रक्त तापले. त्याला गाठून खंजीर चालवावा की काय, ह्याचा निर्णय होईना. शेवटी त्यांनी खेचराचा लगाम सैल सोडला : ते वाटसरूच्या गावाकडे वळले तर वार करायचा, राजरस्त्याने गेले तर सोडून द्यायचे. खेचर राजरस्त्याने गेले. डोळे मिटून बायबलचे पान उघडणारे आणि चिठ्ठ्या टाकून लग्ने ठरविणारे आपल्यातही आहेत. त्यांनी हे खेचर आठवावे. रागाचा उमाळा आणि योगायोगावर टाकलेला भार ह्या दोन्ही गोष्टी वरवर प्रेरणेसारख्या भासतात. दोहोंतही माणूस आपली विवेकबुद्धी गहाण टाकतो.

पुढे मानरेसा येथे त्यांनी दुसरे टोक गाठले. केस विंचरायचे नाहीत, नखे कापायची नाहीत, कडक उपवास करायचे. त्यातून मनाला पापशंकेने इतके घेरले की जीव द्यावा असे विचार येऊ लागले. रात्री निजायला जावे तो गहन आध्यात्मिक विचार दाटून येत आणि झोप उडे. ह्या सुंदर विचारांचाही त्यांनी झाडा घेतला व ठरविले की, झोपेसाठी राखलेली वेळ हिरावून घेणारा विचार ईश्वराकडून आलेला नसावा. तेव्हा झोपावे हेच बरे. हळूहळू त्यांनी केस-नखांची अतिरेकी व्रतेही सोडली. देह, बुद्धी, भावना आणि आत्मा ह्यांची वाढ एकमेकांच्या साथीने व्हावी लागते, हे त्यांना असे सोसून कळले. ज्या प्रेरणेपायी प्रकृती ढासळते, हातचे कर्तव्य सुटते आणि घरच्यांशी बोलणे तुटते, ती वरून कितीही पवित्र दिसो, तिच्याकडे संशयानेच पाहावे.

आणखी एक गोष्ट. खरी प्रेरणासुद्धा सारा नकाशा एकदम उलगडून दाखवीत नाही. इग्नेशियस ह्यांना वाटले होते की आपले आयुष्य यरुशलेममध्ये जावे. १५२३ साली ते तेथे पोहोचले. परंतु तेथील फ्रान्सिस्कन अधिकाऱ्यांनी राहण्यास मनाई केली आणि त्यांना परतावे लागले. मग लोकांच्या आत्म्यांना साहाय्य करावयाचे तर शिकले पाहिजे, असा विचार करून वयाच्या सुमारे तेहेतिसाव्या वर्षी ते बार्सिलोना येथे लॅटिन भाषेचे प्राथमिक धडे घेऊ लागले. धर्मग्रामातील एखाद्या गृहस्थाने तिशी ओलांडल्यावर पुन्हा वही-पेन हाती धरले तर आपण हसतो. ते हसू आपण आवरावे.

त्यांचे सोबती संत फ्रान्सिस झेवियर ह्यांचे उदाहरण तर आपल्या भूमीशीच जोडलेले आहे. हिंदुस्थानासाठी त्यांची निवड मुळात झालीच नव्हती. बोबाडिया नावाचे सोबती १५४० साली आजारी पडले, म्हणून ऐनवेळी झेवियर निघाले आणि ६ मे १५४२ रोजी गोव्यास उतरले. त्यांची वाट दुसऱ्याच्या दुखण्यातून उघडली. मन आधीच घडलेले होते म्हणून ‘हो’ म्हणायला त्यांना वेळ लागला नाही.

इग्नेशियस ह्यांच्या ‘आध्यात्मिक साधना’ ह्या ग्रंथाला १५४८ साली पोप तिसरे पॉल ह्यांनी मान्यता दिली. त्यातील काही कसोट्या कोणत्याही घरात वापरता येण्यासारख्या आहेत. मन उदास असताना आधी केलेला निश्चय बदलू नये. आपल्याच अडचणीत सापडलेला एखादा अनोळखी माणूस सल्ला मागावयास आला तर त्याला काय सांगू, ते स्वतःस विचारावे. आणि मरणाच्या घटकेला आपण कोणती निवड केलेली असावी असे वाटेल, हे डोळ्यांपुढे आणावे.

त्याच ग्रंथात मार्गदर्शकासाठी एक सूचना आहे. साधकाला त्याने ह्या बाजूला वा त्या बाजूला ओढू नये. तराजूच्या काट्यासारखे मध्ये उभे राहावे आणि उत्पन्नकर्त्याला आपल्या लेकराशी थेट बोलू द्यावे. ही सूचना आम्हां धर्मगुरूंना जितकी लागू आहे तितकीच आईवडिलांनाही आहे. मुलाने सेमिनरीत जावे अशी आमची इच्छा असते. मुलीने परिचारिका व्हावे अशी आईची, तर मुलाने आखाती देशात जावे अशी बापाची. इच्छा असण्यात गैर काही नाही. मात्र ती पारड्यात टाकून वर बोटाने दाब दिला की मुलाचे खरे वजन कधीच कळत नाही. दबावाखाली निवडलेल्या वाटेवर पंचवीस वर्षे चाललेली माणसे आम्हांला ठाऊक आहेत. ती तक्रार करीत नाहीत, पण त्यांच्या मिळकतीतून त्यांना आनंद मिळालेला नाही.

तेव्हा तो बाप ‘तुम्हीच सांगा’ म्हणतो, त्यावेळी आम्ही निर्णय सांगत नाही. मुलाला एवढेच सुचवितो की, महिनाभर रोज रात्री जपमाळेनंतर पाच मिनिटे शांत बसावे. आज कोणत्या कामाने मन भरून आले आणि ते भरलेपण टिकले, कोणत्या कामाने मागे कोरडेपणा ठेवला, ते वहीत लिहावे. खर्चाचा, गुणांचा, प्रकृतीचा विचारही त्याच वहीत मांडावा, कारण बुद्धीही ईश्वराचेच देणे आहे. बापालाही एक काम सांगतो, आणि ते अधिक अवघड असते : महिनाभर मुलाला आपले मत ऐकवू नये, त्याच्यासाठी प्रार्थना मात्र रोज करावी. महिना संपल्यावर दोघांनी मिळून ती वही वाचावी.