भाड्याची खोली आणि मापातील खोट



सूरह अल-मुतफ्फिफीन आपल्यापैकी अनेकांना मुखोद्गत असेल. तिच्या आरंभीच अल्लाहने मापात खोट करणाऱ्यांना विनाशाची ताकीद दिली आहे आणि त्यांची ओळखही सांगितली आहे. लोकांकडून घेताना ते माप पुरेपूर घेतात, लोकांना देताना मात्र कमी देतात. यवतमाळसारख्या कापसाच्या जिल्ह्यात काट्यातली खोट म्हणजे काय, हे शेतकऱ्याला समजावून सांगावे लागत नाही. परंतु ही खोट केवळ वजनात असते असे नाही. प्रत्येक व्यवहारात पुरते देणे असते आणि खोट करणेही असते, अशी नोंद इमाम मालिक (रह.) यांनी आपल्या ‘मुवत्ता’मध्ये केली आहे. नमाजलाही त्यांनी हेच माप लावले आहे. आज मला ते भाड्याच्या खोलीला लावायचे आहे.

शहरात खोली शोधताना आपल्या तरुणांना जे ऐकावे लागते ते आपण जाणतो. फलक लागलेला असतो, खोली दाखविली जाते, भाडेही ठरते. आणि नाव सांगताच खोली ‘कालच दिलेली’ निघते. या अन्यायाविरुद्ध आपण बोलतो आणि बोललेच पाहिजे. भारतीय संविधानाच्या कलम १५ मध्ये दुकाने, उपाहारगृहे, विहिरी, तलाव यांचा उल्लेख आहे. खाजगी घरातील खोलीचा नाही. तिथे घरमालकाच्या ‘नाही’चा जाब सहसा कोणी विचारत नाही. अल्लाह मात्र विचारणार आहे.

आता माप उलटे धरू या. दरवर्षी जूनमध्ये झरी जामणी, मारेगाव, घाटंजी, केळापूर या तालुक्यांतून गोंड आणि कोलाम मुले-मुली शिक्षणासाठी यवतमाळला येतात. ज्यांना वसतिगृहात जागा मिळत नाही ती मोहल्ल्यामोहल्ल्यांतून खोली शोधत फिरतात. काही दारे आपलीही असतात. त्या दारांत जात विचारली जाते की नाही? पारधी म्हटल्यावर दार किती उघडे राहते? आणि आपल्यातल्याच दुसऱ्या बिरादरीच्या किंवा दुसऱ्या मसलकच्या माणसापेक्षा खोली रिकामी ठेवणे आपल्यापैकी काहींना परवडतेच ना!

१९१७ साली परदेशातून उच्च शिक्षण घेऊन आलेले डॉ. बाबासाहेब आंबेडकर बडोदा संस्थानच्या नोकरीत रुजू झाले, तेव्हा त्यांना राहायला जागा मिळेना. एका पारशी सरायीत खोटे नाव सांगून ते राहिले. अकराव्या दिवशी काठ्या घेतलेले लोक आले आणि त्यांना बाहेर पडावे लागले. ही हकीकत आपण इतरांना आवर्जून ऐकवतो. परंतु त्यांच्या त्याच आठवणींत १९३४ सालचा दौलताबादचा प्रसंगही आहे. रमजानचा महिना होता. प्रवासातून आलेल्या त्यांच्या मंडळींनी किल्ल्याजवळच्या हौदावर हातपाय धुतले, म्हणून पाणी बाटल्याचा गिल्ला करीत धावून आलेले लोक मुसलमान होते. ते रोजाचे दिवस होते, हे मला विशेष बोचते.

आता मदीना पाहा. मक्केहून आलेल्या मुहाजिरांना कोणी घरी न्यायचे, यासाठी अन्सारांनी चिठ्ठ्या टाकल्या. ज्याच्या नावाची चिठ्ठी निघेल तो आपला. हजरत उस्मान बिन मजऊन (रजि.) हे हजरत उम्मुल अला (रजि.) यांच्या घरच्यांच्या वाट्याला आले. पुढे ते आजारी पडले, तेव्हा याच घराने त्यांची शुश्रूषा केली आणि वफात झाल्यावर कफनही दिले. चिठ्ठी काढणाऱ्याला पाहुण्याचे कूळ निवडता येत नाही. (भाडे तर त्यांनी मागितलेच नव्हते, हे वेगळे सांगायला नको.)

कोणी म्हणेल, ते मुहाजिर ईमानवाले होते; आमच्या दारात आलेला आमच्या धर्माचा नाही. त्याने सूरह अन-निसाची ३६ वी आयत वाचावी. नातलग शेजाऱ्याबरोबर परक्या शेजाऱ्याशीही चांगले वागण्याची आज्ञा तिच्यात आहे. आमच्या हनफी फिकहमध्ये गैरमुस्लिमाला राहण्यासाठी घर भाड्याने देणे वैध आहे. ‘शरिअत आड येते’ ही सबब म्हणूनच टिकत नाही.

घरमालकाने अटी घालू नयेत, असे मी म्हणत नाही. भाडे वेळेवर मिळावे, अनामत असावी, ओळखपत्र पाहावे, घरात दारू आणू नये, हे सारे रास्त आहे. मात्र ते सर्वांना सारखेच सांगितले पाहिजे. नाव ऐकून भाडे वाढविणे ही मापातली खोट आहे. खोली रिकामी असताना ‘दिली’ म्हणणे हे तर सरळ असत्य आहे, मग ते कितीही मृदू स्वरात सांगितलेले असो.

येत्या जूनपूर्वी ज्यांची खोली रिकामी होणार आहे, त्यांनी जुम्म्याच्या नमाजनंतर लोकांना तसे सांगताना ‘आपल्यातला भाडेकरू हवा’ हे शब्द वगळावेत. भाडे किती, पाण्याची सोय काय आणि खोली कोणत्या तारखेपासून मिळेल, एवढे सांगितले तरी पुरे.